कैवारी : ‘तुझ्यासाठी वर चालू आहे’ म्हणजे नेमकं काय चालू आहे?

ओंजळ

बाबांना पक्षाघात झाला त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढं झालं आणि पुढचं येईना. विसरले नव्हते, पण जीभ उचलत नव्हती. दाराच्या पलीकडे माझा बाप होता आणि ‘पित्या’ या शब्दापुढे मला जाताच येत नव्हतं. तीनदा सुरुवात केली, तीनदा तिथेच थांबले.

शेजारी मावशी होती. बाबांचा चष्मा रुमालात गुंडाळून तिने दोन्ही हातांत धरला होता. ती एवढंच म्हणाली, ‘‘जमत नसेल तर नको करूस. तुझ्यासाठी वर चालू आहे.’’

याला चार महिने झाले. तेव्हा ते वाक्य नुसता धीर म्हणून ऐकलं होतं. आता ते नीट उलगडून पाहावंसं वाटतं, म्हणून हा धागा.

ख्रिस्ती श्रद्धेत या म्हणण्याला भक्कम आधार आहे. बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर दोन मध्यस्थ आहेत. सव्विसाव्या वचनात पवित्र आत्मा : आपण काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा तो शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. चौतिसाव्या वचनात ख्रिस्त : मेला, उठला, देवाच्या उजवीकडे आहे आणि आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे एक आत, आपल्या कण्हण्यात. आणि एक वर. इब्री लोकांस पत्र (७:२५) त्याहून पुढे जातं. तिथे तो ‘मध्यस्थी करण्यास सर्वदा जिवंत आहे’. हे वचन मी कितीतरी अंत्यविधींत ऐकलंय, पण त्यातल्या ‘करण्यास’कडे कधी लक्ष गेलं नव्हतं. तो जिवंत आहे आणि जमलं तर मध्यस्थीही करतो, असं तिथे म्हटलेलं नाही. जिवंत असण्याचं प्रयोजनच ते सांगितलंय.

माझ्या डोक्यात मात्र वर्षानुवर्षं वेगळंच चित्र होतं. वर एक रागावलेला न्यायाधीश, शेजारी त्याचा दयाळू मुलगा, आणि मुलगा बापाचा हात धरून म्हणतोय, ‘जाऊ दे ना, माझ्यासाठी तरी सोड.’ सरळ सांगायचं तर वशिला. हे चित्र चुकीचं आहे असं मला आता ठामपणे वाटतं. त्याने नुकसानही होतं, कारण त्यामुळे पित्याची भीतीच वाटत राहते आणि माणूस मुलाच्या आड लपायला शिकतो.

मला सावरलं ते निर्गमच्या २८ व्या अध्यायाने. मुख्य याजकाच्या वस्त्रांचं वर्णन म्हणून तो आपण भराभर उलटतो. एफोद म्हणजे त्याचं वरचं वस्त्र, त्याच्या दोन खांद्यांवर दोन गोमेद रत्नं, प्रत्येकावर सहा-सहा नावं कोरलेली. छातीवर ऊरपट, त्यात चार ओळींत बारा रत्नं आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचं नाव. पहिला मुख्य याजक अहरोन आत जाताना ही नावं ‘आपल्या हृदयावर’ घेऊन जाईल, असं तिथे लिहिलंय. म्हणजे खांद्यांवर ओझं म्हणून एकदा आणि छातीवर माया म्हणून पुन्हा. ज्यांची नावं कोरलीत ते सगळे बाहेर, आपापल्या तंबूंत. त्यांना आत पाऊल ठेवायची परवानगी नाही, आणि आत काय बोललं जातंय तेही ऐकू येत नाही. पण त्यांचं नाव आत आहे.

त्या रात्री मी बाहेर होते. माझं नाव आत होतं, असा मी मावशीच्या वाक्याचा अर्थ लावते. तुम्ही काय समजता, ते वाचायला आवडेल.

काठावरचा

मी ख्रिस्ती नाही, पण वाचतो बरंच. बाबांना आराम पडो.

तुम्ही स्वतःच वशिला म्हणालात म्हणून विचारतो. देव प्रेमळ असेल तर त्याला कोणी गळ घालायची गरज काय? आणि प्रेमळ नसेल तर गळ घालून बदलेल कशावरून? दुसरं, तुमच्या श्रद्धेनुसार येशू हाही देवच. मग देव देवालाच विनवतो याचा अर्थ कसा लावायचा?

ओंजळ

@काठावरचा, हा प्रश्न मला स्वतःलाच छळत होता. उत्तराचा अर्धा भाग योहानाच्या शुभवर्तमानातच सापडतो. सोळाव्या अध्यायात (२६-२७) येशू शिष्यांना म्हणतो : तुम्ही माझ्या नावाने मागाल, आणि तुमच्यासाठी मी पित्याला विनंती करीन असं मी म्हणत नाही, कारण पिता स्वतःच तुमच्यावर प्रीती करतो.

हे वाचून मी थबकले होते. जो सर्वदा मध्यस्थी करतो असं इब्रीकरांचं पत्र सांगतं, तोच इथे ‘मी विनंती करीन असं समजू नका’ म्हणतो! वरवर हा विरोध वाटतो. पण तो नेमकं आपल्या डोक्यातलं ते वशिल्याचं चित्र पुसतोय. पित्याचं मन वळवायचं बाकी आहे, म्हणून मी मधे उभा आहे, असं समजू नका, एवढंच तो सांगतो. मध्यस्थाला पाठवणारा पिताच आहे. पुत्र पित्याच्या मनाविरुद्ध काही मिळवत नसतो. पित्याच्या मनात जे आहे तेच तो आपल्या बाजूने, माणूस होऊन, बोलतो.

ही समज जुनीच आहे. चौथ्या शतकातले ग्रेगरी नाझियान्झस सांगतात की पुत्र पित्याच्या पायांवर लोटांगण घालतो अशी कल्पना करू नका. तो माणूस म्हणून तिथे आहे, हीच मध्यस्थी. त्यांच्यानंतर हजारएक वर्षांनी प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनही जवळपास तेच म्हणतो : ख्रिस्त गुडघे टेकून याचना करतोय असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका, त्याच्या मरणाचा प्रभावच अखंड मध्यस्थीचं काम करतो. ख्रिस्ती जगातली इतकी वेगळी दोन माणसं एकाच चित्रापासून सावध करतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि ‘देव देवाला विनवतो का’ याला प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने स्तोत्रांवरच्या विवेचनात दिलेलं उत्तर मी पाठ करून ठेवलंय. ख्रिस्त आपला याजक म्हणून आपल्यासाठी प्रार्थना करतो, आपलं मस्तक म्हणून आपल्यामध्ये प्रार्थना करतो, आणि आपला देव म्हणून आपण त्याची प्रार्थना करतो. एकाच आवाजात हे तिन्ही.

शब्दवेडी

सुंदर धागा. मी शब्दांपुरतंच बोलते.

मूळ ग्रीकमध्ये इथे ‘एन्तुंखानो’ हे क्रियापद आहे. मुळात अर्थ साधा, गाठ पडणे, भेटणे. त्यावरून मग कोणाकडे गाऱ्हाणं घेऊन जाणे. गंमत अशी की हे गाऱ्हाणं कोणाच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे क्रियापदावरून कळतच नाही, सोबतच्या अव्ययावरून कळतं. रोमकरांसच्या अकराव्या अध्यायात संदेष्टा एलीया इस्राएलाच्या विरुद्ध देवाकडे गाऱ्हाणं करतो, तिथेही हेच क्रियापद आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (२५:२४) लोक पौलाविरुद्ध राज्यपालाकडे ओरडा करतात, तिथेही तेच. आठव्या अध्यायात मात्र त्याला ‘हुपेर’ जोडलंय : च्यासाठी, च्या वतीने. आत्म्याबद्दलच्या सव्विसाव्या वचनात तर पौलाने ‘हुपेर’ क्रियापदालाच चिकटवून टाकलंय. हा जोडशब्द नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही.

म्हणजे तक्रार घेऊन जाण्याची वाट तीच. जो आपल्याविरुद्ध बोलायला जाऊ शकला असता, तो आपल्या बाजूने बोलायला गेला.

दुसरा शब्द ‘पाराक्लेतोस’, शेजारी बोलावलेला. नव्या करारात पाचच वेळा : चार वेळा योहानाच्या शुभवर्तमानात आत्म्यासाठी आणि एकदा योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१) ख्रिस्तासाठी. मराठी बायबलने दोन्हीकडे ‘कैवारी’ वापरलंय, आणि मला हे भाषांतर फार आवडतं. वकील युक्तिवाद करतो, मध्यस्थ दोघांच्या मधे उभा राहतो. कैवारी आधी बाजू घेतो, मग बोलतो. आणि आपण कैवार कोणाचा घेतो? जो बरोबर आहे त्याचाच असं नाही. जो एकटा पडलाय त्याचा घेतो.

काठावरचा

@शब्दवेडी, ‘विरुद्ध बोलायला’वरून आठवलं. बायबलमध्ये सैतान म्हणजे आरोप करणाराच ना? मग हे सगळं न्यायालयाचं चित्र झालं.

शब्दवेडी

हो, मूळ हिब्रू शब्दाचा रोख विरोधी पक्ष, आरोप करणारा असाच आहे. प्रकटीकरणात (१२:१०) तो रात्रंदिवस आरोप करणारा म्हणून येतो. पण सगळ्यात ठसठशीत प्रसंग जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मुख्य याजक यहोशवा परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे, उजव्या हाताला सैतान दोष द्यायला उभा, आणि यहोशवाची वस्त्रं मळकट. लक्षात घ्या, आरोप खोटा नाही. कपडे खरोखरच मळलेले आहेत! आणि यहोशवा अख्ख्या अध्यायात एक शब्दही बोलत नाही. सैतानाला दटावतो तो परमेश्वर. मग मळकी वस्त्रं उतरवतात, चांगली घालतात, डोक्यावर स्वच्छ मंदील चढवतात.

ओंजळताईंची अडकलेली जीभ वाचली तेव्हा मला हा गप्प उभा यहोशवाच आठवला.

पायवाट

मी कॅथलिक. इथवरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत, पण चित्र अजून अर्धंच आहे असं मला वाटतं.

वर ख्रिस्त एकटा नाही. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात (५:८) चोवीस वडील कोकऱ्यापुढे आहेत आणि त्यांच्या हातांत धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या. तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असं तिथेच म्हटलंय. आठव्या अध्यायात देवदूत पवित्र जनांच्या प्रार्थनांबरोबर धूप वेदीवर अर्पण करतो. खालच्या प्रार्थना कोणाच्या तरी हातांतून वर जात आहेत. मक्काबी वंशाच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबीला स्वप्न पडतं : मरून गेलेला मुख्य याजक ओनिया हात पसरून लोकांसाठी प्रार्थना करतोय, आणि शेजारी यिर्मया, जो ‘लोकांसाठी फार प्रार्थना करतो’. (प्रोटेस्टंट बायबलात हे पुस्तक नाही, याची मला कल्पना आहे.)

रोममध्ये, आप्पियन मार्गावरच्या संत सेबास्तियनच्या भुयारी दफनभूमीत एक भिंत आहे. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकांनी तिच्या गिलाव्यावर टोकदार वस्तूने ओरखडे काढून शेकडो विनंत्या लिहिल्या. शुद्धलेखन चुकलेलं, ओळी वाकड्या. त्यातली एक साधारण अशी : ‘पौला, पेत्रा, व्हिक्टरसाठी विनंती करा.’ हा व्हिक्टर कोण, कोणालाच माहीत नाही. कोणत्याही परिषदेने ठराव केलेला नव्हता, कोणी शिकवायला बसलं नव्हतं. कोणाला तरी व्हिक्टरची काळजी होती, आणि ज्यांच्यावर जीव होता अशा दोघांना त्याने ती सांगितली.

आईला सर्दी झाली तरी आपण चार जणांना सांगतो, ‘प्रार्थनेत आठवण ठेवा.’ त्यातला एखादा वारला म्हणून त्याचं प्रेम थांबलं का?

उंबरठा

@पायवाट, मी प्रोटेस्टंट घरातला, आणि माझी आजी कॅथलिक होती, त्यामुळे हा वाद माझ्या घरातलाच आहे. मनापासून लिहितो, राग मानू नका.

संत प्रार्थना करत असतील, याला माझी ना नाही. खुद्द लूथरपंथीयांनीही ते नाकारलं नाही. त्यांचा विश्वासाचा जाहीरनामा, ऑग्सबर्गचा कबुलीजबाब, १५३० चा. त्याचा एकविसावा लेख म्हणतो, संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करावं, पण त्यांचा धावा करायला शास्त्र शिकवत नाही. पुढच्या वर्षी त्याच्या समर्थनात लूथरचा सहकारी मेलांख्थोन याने स्वर्गातले संत मंडळीसाठी प्रार्थना करतात हे मान्यच केलं. अडचण ती नाहीच. अडचण त्यांना हाक मारण्यात आहे. पौल तीमथ्याला स्पष्ट लिहितो (१ तीमथ्य २:५) : देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, ख्रिस्त येशू.

आणि अनुभवाचं सांगतो. आजी फार प्रेमळ होती, पण तिच्या बोलण्यात येशू नेहमी लांब असायचा. ‘त्याला कसं थेट सांगायचं? आईला सांगू, ती सांगेल.’ इब्रीकरांच्या पत्रातलं (४:१५-१६) ते ‘आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असलेला याजक’, ‘धैर्याने कृपेच्या आसनाजवळ जाऊ’, हे तिला कोणी ऐकवलंच नव्हतं. ओंजळताई म्हणाल्या, वशिल्याच्या चित्रामुळे माणूस मुलाच्या आड लपतो. मी पाहिलं ते असं, की माणूस मग मुलापासूनही लपतो आणि आईच्या आड जातो. ही साखळी कुठे थांबणार?

पायवाट

@उंबरठा, राग कसला. तुमच्या आजीबद्दल वाचून वाईट वाटलं, कारण असं घडतं हे मीही पाहिलंय. पण ती चर्चची शिकवण नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्सियुम’ हा दस्तऐवज काढला. त्यात मरीयेविषयी बोलताना तुम्ही दिलेलं हेच तीमथ्याचं वचन आधी आहे, आणि मरीयेला दिलेल्या कोणत्याही पदवीने ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थपणात काही भर पडत नाही की काही कमी होत नाही, असं स्वच्छ लिहिलंय.

आमच्या संतमालेतली उत्तरं ऐका कधीतरी. देवाला म्हणतो, ‘आम्हांवर दया कर.’ मरीयेला आणि संतांना म्हणतो, ‘आम्हांसाठी विनंती कर.’ सगळ्यांना एकच उत्तर कधीच देत नाही. लहान मुलं कधी चुकून संताला ‘दया कर’ म्हणतात, तेव्हा मागची एखादी आजी हळूच दुरुस्त करते. सगळं ईश्वरविज्ञान त्या दुरुस्तीत आहे.

हा वादही आजचा नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला विजिलान्तियुस नावाच्या याजकाने हाच आक्षेप घेतला होता, की मेल्यावर कोणी कोणासाठी प्रार्थना करत नाही. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने ४०६ मध्ये त्याला फार तिखट उत्तर दिलं. सूर मला आवडत नाही, पण मुद्दा बिनतोड वाटतो : देहात असताना, स्वतःचीच चिंता असताना, प्रेषित आणि हुतात्मे इतरांसाठी प्रार्थना करू शकत होते, मग मुकुट मिळाल्यावर ते गप्प कसे बसतील?

उंबरठा

तो मुद्दा ते प्रार्थना करतात याचा आहे. आपली हाक त्यांना ऐकू जाते, हे त्यातून सिद्ध होत नाही. माझा काटा तिथेच अडलेला आहे.

पण एक कबूल करतो. कॅथलिकांच्या त्रेन्तच्या परिषदेने १५६३ च्या डिसेंबरमध्ये संतांच्या धाव्याला ‘चांगलं आणि उपयुक्त’ म्हटलं, प्रत्येकाला बंधनकारक म्हटलं नाही, हे मला अलीकडेच नीट कळलं. आणि त्याच वर्षी आमच्याकडे हायडेलबर्गचा प्रश्नोत्तरग्रंथ आला. त्यात विचारलंय, ख्रिस्त स्वर्गात गेला याचा आपल्याला काय लाभ? पहिलंच उत्तर : तो पित्यासमोर आपला कैवारी आहे. एकाच वर्षी दोन्ही बाजूंची माणसं एकाच प्रश्नाशी झुंजत होती, की आपल्यासाठी वर कोण बोलतं.

माझ्या आजीच्या शेवटच्या दिवसांत मीच तिच्या हातात जपमाळ दिली होती. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे शब्द ती म्हणत होती, तेव्हा मला वाद सुचला नाही.

मोगरा

+१ उंबरठा. डोळ्यांत पाणी आलं.

सांजवात

एक लहान प्रश्न. ते ऊरपट घालूनच मुख्य याजक वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात, म्हणजे अगदी आतल्या खोलीत, जायचे का? मूळ लेख वाचताना तसं चित्र डोळ्यांपुढे आलं.

शब्दवेडी

@सांजवात, नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी (लेवीय १६) तो जरतारी पोशाख नसायचा, साधी पवित्र तागाची वस्त्रं घालून अंतरपटाच्या आत जायचं. ऊरपट पवित्रस्थानातल्या नेहमीच्या सेवेचा. ओंजळताईंनीही ‘आत’ एवढंच म्हटलंय, ते बरोबर आहे.

इब्रीकरांचं पत्र या दोन्ही प्रतिमा ख्रिस्तावर आणतं, आणि एक फरक ठळक करतं. दहाव्या अध्यायात (११-१२) म्हटलंय, प्रत्येक याजक रोज उभा राहून सेवा करतो, पण हा एकच अर्पण करून ‘बसला’. त्या काळच्या पवित्र मंडपातल्या सामानाच्या यादीत दीपवृक्ष, मेज, वेदी असं सगळं आहे. याजकाला बसायला मात्र काहीच नाही, कारण काम कधी संपतच नसे. तो बसला, म्हणजे अर्पण संपलं. मध्यस्थी चालू आहे ती त्या संपलेल्या अर्पणाच्या जोरावर.

मोगरा

पण पहिला हुतात्मा स्तेफन याला तो उभा दिसला होता ना? प्रेषितांची कृत्ये ७.

शब्दवेडी

हो! दगड पडायच्या आधी. का उभा, ते मजकूर सांगत नाही. आपल्या साक्षीदारासाठी तो उठून उभा राहिला, असं पुष्कळांनी वाचलंय, आणि मलाही ते तसंच वाचावंसं वाटतं.

रिकामी_ओळ

हे सगळं वाचलं. छान लिहिलंय सगळ्यांनी. पण मला एक सांगा. माझ्या भावासाठी आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं प्रार्थना केली. ख्रिस्त मध्यस्थी करतो, आत्मा करतो, संत करतात. इतके सगळे वर बोलत असताना तो गेला कसा? कोणाचं ऐकलं नाही?

ओंजळ

@रिकामी_ओळ, दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण पटकन उत्तर देणं बरोबर वाटेना. तुमच्या भावाबद्दल फार वाईट वाटतं. का गेला याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणी देऊ लागलं तर मी ते ऐकणार नाही.

एक जागा मात्र तुमच्यापुढे ठेवते. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या रात्री, येशू पेत्राला म्हणतो : शिमोना, सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय; पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. मध्यस्थी करणारा स्वतः, एका माणसाचं नाव घेऊन, मी तुझ्यासाठी काय मागितलं हे सांगतो, अशी ही जागा आहे.

आणि त्याने काय मागितलं पाहा. पेत्राला चाळू नको, असं मागितलं नाही. पेत्राने नाकारू नये, असंही मागितलं नाही. त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत पेत्र तीनदा नाकारतो, आणि हे येशूला आधीच माहीत आहे. तो ‘तू वळलास म्हणजे’ असंच म्हणतो. म्हणजे पडणं धरूनच ती विनंती केलेली आहे. पेत्र अंगणात शेकोटीपाशी शपथा घेऊन ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हणत होता, तेव्हाही ती विनंती मागे घेतलेली नव्हती.

आणि येशूचं स्वतःचं? गेथशेमानेत त्याने प्याला टळावा म्हणून मागितलं. टळला नाही. ज्याची स्वतःची विनंती त्याला हवी तशी पुरी झाली नाही, तोच आपल्यासाठी विनंती करतोय. हे मला उत्तर म्हणून पुरत नाही, पण याच्या सोबतीने बसता येतं. तुमचा राग तुम्ही इथे लिहिलात, तोही वर पोचला असेल असं मी मानते. ईयोबाने त्याहून कडक शब्द वापरले, आणि त्याच कडूपणात तो म्हणाला की माझा साक्षी स्वर्गात आहे (१६:१९).

रिकामी_ओळ

पेत्राचं असं कधी वाचलं नव्हतं. आत्ता एवढंच.

पायवाट

@रिकामी_ओळ, तुमच्या भावासाठी आज मिस्सामध्ये प्रार्थना केली. नाव माहीत नाही, ‘रिकामी ओळचा भाऊ’ म्हणूनच. व्हिक्टरचं तरी कोणाला काय माहीत होतं.

काठावरचा

ओंजळताई, माझ्या वशिल्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पटलं का हे लगेच सांगत नाही, पण प्रश्न आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. इस्तंबूलच्या हागिया सोफियातलं एक भित्तिचित्र मी छायाचित्रात पाहिलं होतं, तेराव्या शतकातलं, रंगीत तुकड्यांचं. मधे ख्रिस्त, एका बाजूला मरीया, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान, दोघांच्या माना त्याच्याकडे झुकलेल्या. खालचा मोठा भाग गळून गेलाय. या प्रकारच्या चित्राला ‘देइसिस’ म्हणजे विनवणी म्हणतात, हे तेव्हाही वाचलं होतं. तेव्हा मी त्यांना दरबारी समजलो होतो. काल पुन्हा पाहिलं. योहानाचा चेहरा दरबाऱ्याचा नाही, फार शिणलेल्या माणसाचा आहे.

एक विचारायचं राहिलं. बाबा कसे आहेत आता?

ओंजळ

@काठावरचा, विचारलंत, बरं वाटलं.

बाबा घरी आहेत. उजवा हात थोडा हलतो. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. मनात शब्द असतो आणि तोंडातून दुसराच आवाज निघतो, मग चिडतात, मग गप्प होतात. हे गृहस्थ रोज संध्याकाळी घरची प्रार्थना स्वतः चालवायचे, सगळ्यांची नावं घेऊन, कोणाला न वगळता. आम्हाला लहानपणी त्या लांबीचा कंटाळा यायचा.

आता प्रार्थना मी चालवते. ते खुर्चीत असतात, मावशीने परत दिलेला चष्मा डोळ्यांवर. मी नावं घेऊ लागले की त्यांच्या घशातून एक आवाज येतो, कण्हल्यासारखा, लांब. पहिल्यांदा मी घाबरून थांबले, दुखतंय की काय म्हणून. त्यांनी डाव्या हाताने खूण केली, चालू ठेव. मग माझ्या लक्षात आलं, मी एक नाव गाळलं होतं. त्यांच्या धाकट्या भावाचं. ते घेतल्यावर आवाज थांबला.

रोमकरांस ८:२६ मी आता त्यांच्यासमोर मोठ्याने वाचत नाही. गरज नाही.

सात वाजत आलेत, ते वाट पाहत असतील. @रिकामी_ओळ, चालणार असेल तर भावाचं नाव मला निरोपात कळवा. आजच्या यादीत घेते.